तक्त्यावरचा हात

१ जुलै १९५६, रविवार

कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून रोज इंग्रजीत डायरी लिहून घेत. मी रोज लिहायची आणि रोज खोटं लिहायची. इंग्रजीत माझी आई कधी चिडत नसे, आमच्या इतवारीत नाल्या तुंबत नसत आणि रविवारी घरात मटणाचा वास येत नसे. म्हणून ही वही मराठीत. शुद्धलेखन चुकेल. चुकू दे.

आज सुरू करायचं कारण म्हणजे बाई हो म्हणाल्या!

बाई म्हणजे प्रेमलताबाई. धंतोलीत महिला मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा योगासनाचा क्लास घेतात. नवरा गेल्यावर त्यांना दम्यानं धरलं होतं. एका गुरुजींनी आसनं, प्राणायाम शिकवला, दमा पळाला, तेव्हापासून त्या दुसऱ्यांना शिकवून राहिल्या. मी होळीपासून जाते. दुपारी चित्रकला शाळा, सकाळी बाई. घरी आई म्हणते, "दिवसभर नुसती वाकते नाही तं वाकलेल्यायले पाहते."

तर हॉलच्या भिंतीवर आसनांचे तक्ते आहेत. सगळ्या तक्त्यांवर एकच माणूस, लंगोट घातलेला, मोठ्या मिशांचा. आमच्या क्लासमधल्या रंभाबाई, ज्यांचं इतवारीत तेलाचं दुकान आहे, त्या परवा म्हणाल्या, "या मिशीवाल्याकडे पाहून श्वास कसा सोडू वं मी? मले तं घ्यायचीच लाज वाटते." सगळ्या हसल्या. मी मात्र सायकलवर घरी येईपर्यंत तेच घोळवत होती. बायका लुगडं नेसून आसनं करतात. कासोटा कुठं ओढायचा, पदर कुठं खोचायचा, हे त्या मिशीवाल्याले काय माहीत? तक्ते बाईच्या अंगाचे पाहिजेत. ते मी काढीन. बाईंनाच समोर उभं करून काढीन.

घाई आहे. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे साहेब सेक्रेटरिएटमध्ये आहेत, आणि राज्याची वाटणी झाली की सगळी ऑफिसं भोपाळले जाणार. त्या जायच्या आधी कमिटी ठरवणार आहे की बाईंचा क्लास मंडळाचा कायमचा करायचा की नाही. आतापर्यंत हॉल नुसता मेहेरबानीनं मिळतो. पोळ्याच्या आधी कमिटी क्लास पाहायले येणार. त्या दिवशी भिंतीवर माझे तक्ते असतील.

४ जुलै, बुधवार

पहिला प्रयोग. बाई त्रिकोणासनात उभ्या राहिल्या, मी काढलं. मग बाई म्हणाल्या, "आता तू कर." मी केलं. मग म्हणाल्या, "आता परत काढ."

दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर मले हसूच आलं. पहिल्या चित्रात हात सुरेख, बोटं तर काय विचारता, आणि पाय नंतर चिकटवल्यासारखे. दुसऱ्यात मागची टाच केवढी मोठी आली! मी मोठी काढली नव्हती. ती आली.

"तिसरं काढू बाई?"

"काढ की. मला काय विचारतेस?"

तिसऱ्यात काय येईल याची मले इतकी उत्सुकता होती की कोळसाच तुटला.

९ जुलै, सोमवार

आज क्लासमध्ये सगळ्यांना कागद वाटले. शवासन झाल्यावर डोळे मिटलेलेच ठेवायचे आणि आपलं अंग आतून जसं वाटते तसं काढायचं. बाईंची परवानगी घेतली होती. बायका आधी लाजल्या. मग एकीनं रांगोळीसारखे ठिपके घातले, एकीनं नुसता मोठा गोल काढला आणि त्याले "पोट" म्हणाली.

रंभाबाईंनी पूर्ण कागदभर एक गुडघा काढला. बाकी काहीच नाही.

"रंभाबाई, बाकीच्या तुम्ही कुठं आहात?"

"बाकीची मी दुखत नाही न वं. मंग तिले कशाले काढू?"

मी तो गुडघा मागून घेतला. आमच्या शाळेत प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून शिकवतात. त्यातल्या एकाचाही गुडघा असा नाही.

१५ जुलै, रविवार

मटण. योग करणाऱ्यानं खावं की नाही हे बाईंना विचारायचं राहून जाते. मुद्दाम राहून जाते.

जेवणाआधी सगळी चित्रं ओसरीवर पसरली होती. आई हळदीच्या हातानं वाकून पाहत होती. बाईंच्या बसलेल्या चित्रापाशी थांबली.

"हा हात असा काहून काढला?"

"असाच दिसते. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहते त्यांचं."

आईनं हळदीचा हात लुगड्याले पुसला. मग म्हणाली, "तुया आबाचा हात असाच चाले. आम्ही म्हनो, आबा हातात धोटा नसला तरी धोटा फेकते."

"मग?"

"मंग काय? मंग मागावर तुया बाप बसला." आणि रस्सा हलवायले गेली. चुलीपाशून ओरडली, "तुयी बाई नीट जेवते न वं?"

किती छान आहे हे! आबांनी जन्मभर धोटा इकडून तिकडे फेकला, पातळं विणली, तर म्हातारपणी हात रिकामा असतानाही विणत राहिला. शरीर आपलं काम विसरत नाही. हे बाईंना सांगितलं पाहिजे.

१९ जुलै, गुरुवार

आमचे ड्रॉइंगचे सर, महादेवराव, माझे कागद चाळत होते. एकदम म्हणाले, "लतिका, चहा किती पितेस?"

"दोनदा, सर."

"मग रेष का थरथरते?"

मी अलीकडे सरांनीच शिकवलेल्या पद्धतीनं काढते. नजर माणसावरून हलवायची नाही आणि पेन्सिल कागदावरून उचलायची नाही. डोळा जिथून चालेल तिथून हात चालेल. मले वाटलं, हात कच्चा आहे. म्हणून घरी येऊन सुरई काढली. रेष अशी की सुरीनं कापली. आईले काढलं, ती भाजी निवडत होती तरी रेष साफ.

मग बाईंची चित्रं परत पाहिली. खांदा साफ, पाठ साफ, पाय साफ. उजव्या मनगटापासून खाली थरथर. प्रत्येक कागदावर. पहिल्या कागदांवर कमी, आताच्यांवर जास्त.

म्हणजे थरथर माझी नाही.

मग आहे काय ती?

२८ जुलै, शनिवार

एखाद्या माणसाले रोज काढलं की तो माणूस उलगडत जातो. आधी मी बाईंना फक्त ऐकत होती. आता पाहून राहिली आहे.

बाईंचा चेहरा. होळीच्या वेळी रंभाबाईंनी काही म्हटलं की बाई खळखळून हसत. आता चेहरा हलत नाही, अंबाझरी तलावाच्या पाण्यासारखा. सुख आलं तरी तोच, दुःख आलं तरी तोच. याले समत्व म्हणतात, हे त्यांनीच एकदा समजावलं होतं. चालणं पण बदललं. लहान लहान पावलं, जमीन सुटू नये अशी. आणि फळ्यावरचं अक्षर! ओळ सुरू होते तेव्हा नेहमीसारखं, आणि शेवटाले मुंगीएवढं. मले तर वाटते अक्षरसुद्धा मौनाकडे चाललं आहे.

आज वृक्षासन होतं. बाई म्हणाल्या, "आज तू करून दाखव." एका पायावर उभी राहिली, हात वर जोडले आणि सरळ रंभाबाईंच्या अंगावर. "झाड पडलं वं माय!" रंभाबाई ओरडल्या. या आठवड्यात बाईंनी दोनतीनदा मलेच पुढं केलं. त्या मले तयार करून राहिल्या आहेत का? विचारायची हिंमत झाली नाही.

६ ऑगस्ट, सोमवार

समजलं!!

आज प्राणायामावर बोलता बोलता बाई म्हणाल्या की प्राण दिसत नाही, त्याचं काम दिसते. झाडाचं पान हललं की वारा समजतो. मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता माझी मान वर झाली. बाई पद्मासनात स्थिर, दगडासारख्या स्थिर, आणि फक्त उजव्या हाताचं पान हलत होतं.

क्लास सुटल्यावर त्या चटई गुंडाळत होत्या तेव्हा मी विचारलं, "बाई, तुम्ही हातानं जप करता ना? सारखा?"

त्या गुंडाळायच्या थांबल्या. "दिसतं का तुला ते?"

"मी रोज काढते न, बाई."

"जप..." म्हणाल्या. "हो. तसंच समज." मग हात पदराखाली घेतला. "लतिका, तक्त्यावर तो हात नको. त्यावर पदर काढ."

किती मोठी माणसं असतात ही. आपल्याजवळ काय आहे ते झाकून ठेवतात.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडा झाला. बाई आल्या नाहीत. अंग बरं नव्हतं म्हणे. मी दिवसभर तक्ते रंगवले. लुगड्याले आमच्याच मागावरच्या जुन्या लुगड्याचा मोरपंखी. बाबा येऊन पाहून गेले. ते आता लुगड्यांची एजन्सी करतात, माग सोडून बरीच वर्षं झाली. तरी म्हणाले, "काठ चुकला. आपला काठ दोन बोटं." मी सुधारला.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

सगळे तक्ते झाले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे बसलेल्या तक्त्यावर पदर काढला आहे.

पण एक जास्तीचा तक्ता आहे, तो मी कोणाले दाखवला नाही. सगळ्यात मोठा. बाई पद्मासनात, आणि उजवा हात उघडा. हाताभोवती एक रेष नाही, अनेक, एकावर एक, जशा दिसल्या तशा. खाली मोठ्या अक्षरात "प्राण". माझ्या हातून आजपर्यंत असं काही झालं नाही. महादेवराव सरांनी पाहिला आणि हाताजवळ वाकून परत पाहिला. मग विचारलं, "ह्या बाईंनी पाहिला का हा?"

मी म्हटलं, त्यांना सरप्राइज आहे.

नम्रतेपायी त्या नकोच म्हणतील. पण कमिटीले कळायले नको का, की त्या कोणाले हॉल देऊन राहिल्या आहेत?

३१ ऑगस्ट, शुक्रवार

जे झालं ते लिहिते. जसं झालं तसं.

कमिटी साडेसातले आली. अध्यक्षीणबाई, दोघी मेंबर आणि मेडिकलमधल्या एक डॉक्टरीणबाई, ज्या नुकत्याच मेंबर झाल्या आहेत. तक्ते पाहून अध्यक्षीणबाई खूश. "अगंबाई, लुगड्यातली त्रिकोणासनं!" रंभाबाई छाती काढून म्हणाल्या, "मिशीवाल्याले रिटायर केलं आम्ही." बाई एका बाजूले बसून होत्या. हात पदराखाली. आमचा क्लास छान झाला, मी वृक्षासनात पडली नाही.

मग मी मोठ्या तक्त्यावरची चादर काढली.

आणि मी बोलली. आठवते तेवढं पुरे आहे, पूर्ण लिहवत नाही. की हा हात बघा. की बाकीचं शरीर स्थिर, आणि इथं प्राण वाहून राहिला आहे. की मी दोन महिने रोज पाहिलं आहे आणि दिवसेंदिवस तो वाढून राहिला आहे. "वाढून राहिला आहे" हे मी दोनदा म्हटलं. मले वाटलं टाळ्या पडतील.

डॉक्टरीणबाई उठल्या. चष्मा लावला, तक्त्याजवळ गेल्या. मग बाईंजवळ जाऊन खाली बसल्या. आवाज अगदी हळू होता, पण हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता.

"प्रेमलताबाई, हात जरा मांडीवर ठेवता? मोकळा सोडा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पदराखालून काढून मांडीवर ठेवला. सगळ्या पाहत होत्या. तो फिरत होता.

"कधीपासून आहे हे?"

"मागच्या थंडीपासून."

"चालताना पाय घासतो? लिहिताना अक्षर बारीक होतं?"

"होतं."

प्रत्येक गोष्ट. मी काढलेली, लिहिलेली, प्रत्येक गोष्ट डॉक्टरीणबाई विचारत गेल्या आणि बाई हो म्हणत गेल्या. कंपवात आहे, असं शेवटी त्या म्हणाल्या. आबांना तोच होता. आईले माहीत होतं. महादेवराव सरांना शंका आली होती. मी एकटी खुळी चादर काढून उभी.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं, प्रेमलताबाई." मागं एक मेंबर दुसरीले म्हणाली, "योग शिकवणारीलाच असं, तर शिकून आपल्याला काय मिळायचं?" तिले वाटलं हळू बोलली.

बाई उठल्या. त्या लहान लहान पावलांनी दारापर्यंत गेल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या नाहीत. "तू माझ्या हाताचं प्रदर्शन मांडलंस," एवढंच म्हणाल्या.

२ सप्टेंबर, रविवार

बाईंच्या घरी गेली. त्यांच्या भावजय जनाबाईंनी दार अर्धं उघडलं.

"बाई पूजेले बसल्या."

"कधी उठतील?"

"तू गेल्यावर."

५ सप्टेंबर, बुधवार

पोळा काल झाला. आज मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. काळी मारबत आली, पिवळी आली, बडग्यांचे पुतळे आले, पोरं ढोलावर नाचत होती आणि सगळी इतवारी गळा ताणून ओरडत होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी पण दरवर्षी ओरडते. आज तोंड उघडलं आणि बाई डोळ्यापुढं आल्या. रोगराई घेऊन जा. आणि ज्याच्यात रोग आहे त्याले? त्याले पण घेऊन जायचं का? कमिटीले तसंच वाटत असेल का?

शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं, "बोंब मार न वं, काय पुतळ्यासारखी उभी!"

१० सप्टेंबर, सोमवार

बाई आल्या! रिक्षातून, एकट्या. आईनं पाट दिला, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज मुद्दाम करत होती, ऐकून नाही राहिली असं दाखवायले.

"चित्रं आण," बाई म्हणाल्या. "सगळी."

मी आणली. त्या एकेक कागद बघत होत्या. बराच वेळ. "अशी चालते मी?"

"हो बाई."

"आरशात कोणी स्वतःला चालताना पाहत नाही." मग मोठा तक्ता मागितला. त्याकडे पाहत म्हणाल्या, "पदर काढ म्हटलं होतं."

"हो बाई."

"का नाही काढलास?"

"मले वाटलं तो प्राण आहे."

बाईंनी तक्ता खाली ठेवला. मग त्यांचं पोट हललं. मले आधी वाटलं रडून राहिल्या. चेहरा तसाच होता. त्या हसत होत्या. "प्राण!" म्हणाल्या. "अगं, मी रात्रंदिवस हा हात मांडीखाली दाबून ठेवते, आणि तू त्याला..."

मग हसणं थांबलं.

"तुला वाटलं. विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. जप करता का म्हणून."

"तो प्रश्न नव्हता, लतिका. उत्तर घरून ठरवून आली होतीस. मला फक्त हो म्हणायचं होतं." पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. "आणि मी म्हटलं. ते माझं."

चित्रं इथंच ठेवून गेल्या. आई म्हणाली, "रागावली नाही म्हनजे बरं." मले तर वाटते, रागावल्या होत्या. रागावून पण आल्या.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

कमिटीचा निर्णय रंभाबाईंनी आणला. हॉल क्लासले मिळाला. बाईंना नाही. "शिक्षिका निरोगी असावी" असं ठरलं, आणि निरोगी शिक्षिका मिळाली नाही म्हणून एका व्यायामशाळेतल्या मास्तरांना बोलावलं. मोठ्या मिशा आहेत त्यांना.

"तक्त्यातला उतरून आला म्हनाव!" रंभाबाई म्हणाल्या. "मी नाही जात त्याच्यापुढं पाय वर करायले. आम्ही कोनीच नाही जात."

आम्ही दोघी बाईंकडे गेलो. जनाबाईंनी आज पूर्ण दार उघडलं. बाई म्हणाल्या, कमिटीचं चुकलं नाही. "एका पायावर उभी राहू शकत नाही ती वृक्षासन काय शिकवणार? आता बस झालं."

"मंग आमचे गुडघे?" रंभाबाई म्हणाल्या.

"मास्तरांना दाखवा."

१७ सप्टेंबर, सोमवार

आज जेवताना आई एकदम बाबांना म्हणाली, "मागाची खोली रिकामी हाय न."

बाबा म्हणाले, "तिथं दोन खड्डे आहेत. बाया पडतीन."

आमच्याकडे माग जमिनीत असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो आणि पायानं पावड्या दाबतो. माग गेले, खड्डे राहिले.

"एकावर फळ्या टाका," आई म्हणाली. "दुसऱ्यात पाय सोडून बसता येते. तुमचा बाप जन्मभर बसला, पडला का?"

बाबांनी आणखी भात घेतला. म्हणजे हो.

१८ सप्टेंबर, मंगळवार

खोलीचं सांगायले बाईंकडे गेली. सायकलवर सगळं भाषण पाठ केलं होतं. बाईंची किती गरज आहे, योग म्हणजे नुसतं एका पायावर उभं राहणं नाही, वगैरे. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. आज हात झाकला नव्हता. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात लक्षात आलं की मी परत उत्तर घेऊन आली आहे.

म्हणून गप्प बसली. हात पाहिला. दोन महिने काढलेला हात, आणि मले त्याची काहीच माहिती नाही.

"बाई, आतून कसं वाटते? तो चालतो तेव्हा?"

बाईंनी मान वळवायले वेळ लावला. "डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. कमिटीनं विचारलं, कधीपर्यंत. कसं वाटतं हे अजून कुणी विचारलं नव्हतं." मग विचार करत राहिल्या. रिक्षावाला गल्लीतून घंटी वाजवत गेला तरी त्या विचारच करत होत्या.

"कोणीतरी बाहेरून दाराची कडी वाजवावी तसं. मी कपबशी उचलली, वाती वळायला बसले, की तो गप्प. काम संपवून हात मोकळा ठेवला की कडी वाजू लागते. बघ ना, शवासनात तुम्हाला मी काय सांगते? सगळं सैल सोडा. इतकी वर्षं सांगत आले. आणि मलाच सोडता येत नाही. सोडलं की तो येतो."

"मग तेव्हा तुम्ही काय करता?"

"आधी भांडायचे. दाबून धरायचे. धरलं की जास्त." थांबल्या. "अलीकडे कधी कधी येऊ देते. तो हात आणि मी श्वास, दोघं आपापलं चालू ठेवतो. दोन घडी जमतं. मग परत भांडण."

"हे शिकवा न, बाई."

"हे? हे कसं शिकवणार?"

"मले माहीत नाही. खरंच माहीत नाही."

बाईंनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खोलीचं सांगितलं, खड्ड्यांचं सांगितलं. त्यांनी खड्डा किती खोल आहे ते विचारलं. काठ रुंद आहे का, पाठ टेकायले भिंत आहे का. मी सगळं सांगितलं.

"करून कोण दाखवणार? पुढं तू उभी राहशील?"

"पडीन बाई."

"पड."

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बाबांनी एका खड्ड्यावर फळ्या ठोकल्या. आईनं दुसऱ्याच्या काठावर घोंगडी घातली. तक्ते मी भिंतीले टांगले. मोठा तक्ता विचारला तेव्हा बाई म्हणाल्या, "तो नको. अजून नको." तो कपाटामागं उभा आहे, तोंड भिंतीकडं करून.

क्लासमधल्या निम्म्या बायका आल्या. निम्म्या मिशीवाल्याकडे गेल्या असतील, नाही तर घरी बसल्या. माझी आई दारात उभी राहून "मी नुसती पाहते" म्हणाली आणि पाहता पाहता शेवटच्या ओळीत आली.

बाई खड्ड्यात पाय सोडून बसल्या, पाठ भिंतीले. हात मांडीवर, उघडा. सगळ्या त्याच्याकडं पाहायचं नाही असं ठरवून आल्यासारख्या छताकडं पाहत होत्या. रंभाबाई मात्र सरळ जवळ जाऊन बसल्या.

"दुखते का हो बाई?"

"नाही."

"मंग बरं. मायं गुडघं तं लय दुखते."

"माहीत आहे. कागदभर पाहिलंय मी ते." आणि सगळ्या हसल्या.

मग मी पुढं उभी राहिली. पाठीमागं बाई, समोर बायका. पुढं उभं राहिलं की काय होते हे मले माहीतच नव्हतं. बाई दिसत नाहीत, त्यांचं अंग नाही, हात नाही. फक्त आवाज येतो. तोही आता पूर्वीसारखा मोठा राहिला नाही, म्हणून सगळ्या आपसूक गप्प झाल्या. बाई जे सांगत होत्या ते मी होळीपासून ऐकून राहिली आहे, आणि आज पहिल्यांदा ऐकलं. पाय कुठं ठेवायचा ते सांगितलं. ठेवला. वजन कुठं न्यायचं ते सांगितलं. नेलं. हात वर. समोर बायका डुलत होत्या, आई तर रंभाबाईंना धरून उभी होती. मी हलली नाही. मनात म्हटलं, आज चांगलं होऊन राहिलं आहे, आज बाई काहीतरी म्हणतील.

"लतिका," मागून बाई म्हणाल्या, "श्वास. केव्हाची धरून उभी आहेस."

खरंच धरला होता. सोडला.